नोकरीला ‘नको’ म्हणणारे घर

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांना नोकरी मिळवून देण्यासाठी धडपडणाऱ्या ज्या संस्था मी पाहिल्या, तेथील कार्यकर्त्यांची तक्रार मालकांपेक्षा पालकांविषयी अधिक असते. मालक कसाबसा राजी होतो, तरुण तर उत्सुकच असतो, आणि रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात घरून निरोप येतो : ‘राहू द्या, आम्हाला एवढ्या पैशांची गरज नाही.’ या नकारामागे लाज आणि अतिकाळजी आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. लाज असते, काळजीही असते. परंतु प्रशासनात काढलेल्या वर्षांनंतर माझे मत असे बनले आहे, की हा नकार बहुतेक वेळा एक हिशेब असतो आणि तो हिशेब शासनानेच या घरांना शिकवलेला असतो.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घ्या. त्याच्या पश्चात सर्वसाधारण अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन फार तर पंचविसाव्या वर्षापर्यंत मिळते. ज्या अपत्याला दिव्यांगत्वामुळे उपजीविका करता येत नाही, त्याला ते आजीवन मिळू शकते. तरतूद दयाळू आहे. मात्र तिचा पाया ‘उपजीविका करण्यास असमर्थ’ या शब्दांवर उभा आहे. फेब्रुवारी २०२१ पर्यंत अशा अपत्याचे मासिक उत्पन्न ९,००० रुपये आणि त्यावरील महागाई साहाय्य यांच्या पुढे गेले, की हक्क संपत असे. त्या महिन्यात मर्यादा बदलली. आता त्याचे अन्य उत्पन्न सर्वसाधारण दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनाहून, म्हणजे मृत कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के व त्यावरील महागाई साहाय्य यांहून, कमी असेल तर हक्क टिकतो. सुधारणा मोठी होती. पण निवृत्तांच्या बैठकांत मी तिचा उल्लेख करतो, तेव्हा समोरचे चेहरे कोरे असतात. आणि ज्यांना ती ठाऊक आहे, त्यांचाही प्रश्न उरतोच : अठ्ठावीस वर्षांच्या मुलाची आजची पगारपावती, आम्ही गेल्यानंतर, ‘हा तर कमावू शकतो’ असे सांगणारा पुरावा ठरणार नाही ना? नोकरी दोन वर्षांत सुटली तर? याचे उत्तर तोंडी अनेकजण देतात, लेखी कोणी देत नाही. मी सरकारी माणूस आहे. तोंडी आश्वासनाची किंमत मला माहीत आहे.

निवृत्तिवेतन नसलेल्या घरांचा हिशेब आकड्यांनी लहान, पण त्याच जातीचा. पश्चिम बंगालच्या ‘मानबिक’ योजनेत दिव्यांगांना महिना १,००० रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, परंतु तिच्यामागे शासन उभे असते. दुकानदाराच्या मर्जीवरील नोकरीमागे कोण उभे असते?

या मनोवृत्तीचा उगम शोधताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला १७९३ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या बंगालच्या दहाव्या रेग्युलेशनने ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’ची व्यवस्था घातली आणि अज्ञान बालके, स्त्रिया व बुद्धीने दुर्बल ठरवलेले जमीनदार यांच्या मालमत्तांचा कारभार महसूल मंडळाकडे दिला. चिंता जमिनीची आणि महसुलाची होती; माणसाची फारशी नव्हती. पुढे १९१२ च्या कायद्यानेही ‘इडियट’ आणि वेडसर यांना एकाच शब्दात कोंबले. १९९५ च्या अपंगत्व कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण दिले, पण बौद्धिक दिव्यांगांना त्यात वाटा नव्हता. तो २०१६ च्या कायद्याने, आरक्षण चार टक्के करताना, मिळाला. मधल्या काळात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समित्या आल्या. त्यांचे मुख्य काम पालकत्वाचे, म्हणजे कायदेशीर पालक नेमण्याचे. मी अशा समितीचा अध्यक्ष होतो. अर्ज येत ते बँक खाते, घर, जमीन यांसंबंधी. रोजगाराचा विषय निघत नसे, कारण कायद्याने समितीला तो विचारलेलाच नव्हता. दोनशे वर्षांत राज्यसंस्थेने या कुटुंबांकडे पाहिले ते सही करणारे पालक म्हणून किंवा अनुदानाचे अर्जदार म्हणून. कामातील भागीदार म्हणून कधी नाही.

आणि साहाय्यित रोजगाराची गरज नेमकी हीच आहे. जुनी रीत ‘आधी प्रशिक्षण, मग नोकरी’ अशी होती. तिच्यापायी असंख्य माणसे मेणबत्त्या, पणत्या आणि कागदी पिशव्या करीत कार्यशाळांतच प्रौढ झाली. प्रशिक्षण कधी संपलेच नाही. १९७०-८० च्या दशकांत अमेरिकेत हा क्रम उलटवण्यात आला : आधी खरी नोकरी, खरे वेतन, आणि शिकणे त्याच जागी, सोबत बसणाऱ्या मार्गदर्शकाच्या, म्हणजे ‘जॉब कोच’च्या मदतीने. हा कोच हळूहळू बाजूला होतो. तो बाजूला झाल्यावर सकाळी वेळेवर उठवणारे, औषध बदलल्याचे कळवणारे, ‘आज तो गप्प का आहे’ हे ओळखणारे कोण? घर. ज्या योजनेचा अर्धा भार घरावर पडणार आहे, तिची पहिली बैठक घराला वगळून होते, हे मला आजही अनाकलनीय वाटते.

माझ्या शहरातील एस्प्लनेड पाहा. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातील पहिली मेट्रो येथूनच भवानीपूरकडे सुटली. मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या पात्राखालून हावडा एस्प्लनेडला जोडले गेले, ऑगस्ट २०२५ मध्ये सियालदहही. दोन्ही मोठ्या रेल्वेस्थानकांतून थेट पोहोचता येईल अशा या टापूत हॉटेले, मिठाईची व कापडाची दुकाने, छापखाने, कार्यालये दाटीने आहेत. खोके घडी घालणे, किमतीच्या चिठ्ठ्या लावणे, कागद स्कॅन करणे, भांडार लावणे अशी निश्चित क्रमाची, नीट वाटून देता येणारी कामे येथे भरपूर आहेत. नकाशावर पाहिले तर अडचण दिसत नाही. जमिनीवर मात्र स्थानकाची अनेक द्वारे आहेत, पदपथ फेरीवाल्यांनी व्यापलेला आहे, आणि मोर्चा निघाला की धर्मतल्ल्याचा चौक बंद होतो. स्वमग्न तरुणासाठी रोजचे द्वार अचानक बंद असणे हा किरकोळ बदल नसतो. एका आईने एका कार्यक्रमात विचारले होते, ‘मोर्चाच्या दिवशी तो घरी कसा येईल?’ सभागृहात काहीजण हसले. त्या दिवशीचा सर्वांत समंजस प्रश्न तोच होता.

त्याला उत्तर आहे, पण ते घराबरोबर बसूनच तयार होते. दोन आठवडे वडिलांसोबत तेच द्वार, तीच वेळ. मग वडील दहा पावले मागे. मग पुढच्या डब्यात. मग केवळ फोनवर. दुसरे द्वार बंद मिळाले तर कोणाजवळ जायचे, कोणते कार्ड दाखवायचे, याची तालीम वेगळी. प्रवासाची भीती अनाठायी म्हणून उडवून लावणाऱ्यांनी जीजा घोष यांचे प्रकरण आठवावे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, दिव्यांग हक्कांसाठी लढणाऱ्या या कार्यकर्तीला २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला जाणाऱ्या विमानातून उतरवण्यात आले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई दिली. ज्यांचा शब्द न्यायालयापर्यंत पोहोचतो त्यांची ही कथा, तर ज्याला वाक्य जुळवता येत नाही त्याच्या आईने काय समजावे?

मुंबईत जुहूचे ‘कॅफे अर्पण’ बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न प्रौढ चालवतात. त्यामागे एका आईचा पुढाकार आहे, आणि आरंभ जेवणाच्या डब्यांपासून झाला. घर सामील झाले की काय घडते, याचा हा उत्तम दाखला. तरीही मुलीला नोकरी मिळावी म्हणून प्रत्येक आईने उपाहारगृह काढावे, अशी अपेक्षा समाजाला करता येणार नाही.

अमेरिकेने १९९९ च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. कामाला लागल्यास कोणता लाभ राहील व कोणता जाईल, याचा व्यक्तिगत सल्ला देण्याची सोय केली. आणि काम टिकले नाही तर पाच वर्षांच्या आत, नव्याने अर्ज न करता, लाभ परत मागण्याचा मार्ग ठेवला. आपल्याकडे यातील पहिली गोष्ट करण्यास नवा कायदाही नको. जिल्हाधिकाऱ्याची समिती आहे, कोषागार आहे, समाजकल्याण कार्यालय आहे. रुजू होण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाच्या हाती सहीशिक्क्याचा एक कागद द्यावा, एवढेच. दुसरीसाठी नियम बदलावे लागतील. निवृत्तिवेतनाची मर्यादा ही आज कड्यासारखी आहे, एक रुपया पुढे गेला की सारे खाली. तिथे उतार हवा.

घराला सामील करणे म्हणजे घराच्या हाती निर्णय सोपवणे नव्हे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग प्रौढाला स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा अधिकार दिला आहे आणि पालकत्वही मर्यादित, दोघांनी मिळून निर्णय घेण्याचे, अशी कल्पना मांडली आहे. वेतन त्याच्याच खात्यात जावे आणि ‘मला जायचे आहे’ हे त्याचे वाक्य बैठकीच्या इतिवृत्तात नोंदले जावे.

बैठकीला बोलावताना आणखी एकाची आठवण ठेवली पाहिजे, ती म्हणजे भावंडांची. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख बौद्धिक दिव्यांग मोजले गेले. तेव्हा विशीत असलेले आता पस्तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांचे आईवडील माझ्या वयाचे किंवा त्याहून थोर. निमंत्रणे अजून त्यांच्याच नावे जातात. उद्या एस्प्लनेडच्या फलाटावरून येणारा फोन ज्या बहिणीला उचलायचा आहे, तिला त्या खोलीत आजच खुर्ची हवी.