दलाली दोनशेची, कागद जन्माचे!

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका आमच्या कचेरीत आल्या. हातात कागदांची जाडजूड फाईल आणि चेहऱ्यावर आपणच काही गुन्हा केला असावा असा भाव! हकीकत साधी होती. घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून त्यांनी एका ऑनलाइन अॅफिलिएट योजनेत नाव नोंदविले. स्वयंपाकघरातील वस्तूंच्या लिंका ओळखीच्यांना पाठवायच्या आणि विक्री झाली की कमिशन घ्यायचे, एवढाच तो उद्योग. परंतु नोंदणीच्या वेळी त्यांच्याकडून पॅन, आधारची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, सही केलेला धनादेश, कार्ड हातात धरून काढलेला फोटो आणि मोबाइलमधील सर्व संपर्क पाहण्याची परवानगी, एवढे सारे घेण्यात आले. चार महिन्यांत बाईंना मिळालेले कमिशन दोनशे रुपयांच्या आत! आणि आज त्यांना रोज कर्ज देऊ करणाऱ्यांचे दूरध्वनी येतात. इतकेच नव्हे तर त्यांच्या भाचीला, शेजारणीला आणि जुन्या मुख्याध्यापकांनाही येतात. ही माहिती नेमकी त्याच कंपनीकडून फुटली काय? ते सिद्ध करण्याचे कोणतेही साधन बाईंजवळ नाही. खरे दुखणे तेथेच आहे.

या धंद्यालाच आम्ही नावे ठेवीत नाही. दुसऱ्याचा माल खपवून दलाली घेणे हा व्यवहार आपल्या बाजारपेठांइतकाच जुना आहे. अॅमेझॉननेही १९९६ मध्ये तो इंटरनेटवर सुरू केला आणि पुढे असंख्य कंपन्यांनी त्याचा कित्ता गिरविला. विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त मंडळी यांपैकी कित्येकांना त्यातून प्रामाणिक कमाई होते. प्रश्न एवढाच की, दलाली देणाऱ्याला दलालाविषयी किती जाणून घेण्याचा अधिकार आहे?

पॅन मागितला तर त्यात गैर नाही. कमिशन ठराविक मर्यादेच्या वर गेले की देणाऱ्याला त्यातून कर कापावा लागतो, आणि पॅन नसेल तर ही कपात २० टक्क्यांवर जाते. पैसे जमा करण्यासाठी खातेदाराचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी हवा, हेही उघड आहे. परंतु याच्या पुढे प्रत्येक मागणीला ‘कशासाठी?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आधार कशासाठी? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खाजगी कंपन्यांना केवळ कराराच्या बळावर आधार वापरू देणारी तरतूद अवैध ठरविली. पुढे स्वेच्छेने ओळख पटविण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली हे खरे. पण ‘आधार द्या, नाहीतर फॉर्म पुढे सरकणार नाही’ याला स्वेच्छा म्हणावयाचे असेल तर सक्ती कशाला म्हणतात हे आम्हांस कोणीतरी समजावून सांगावे. आणि संपर्कांची यादी कशासाठी? भाचीचा नंबर ही बाईंची मालमत्ता नव्हे. तो देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? ओटीपी आणि यूपीआयचा पिन यांबद्दल तर बोलावयासच नको. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. जो तो मागतो तो दलाली देणारा नव्हे, खिसा कापणारा आहे.

आपल्या सुशिक्षित वर्गाची या बाबतीतील वृत्ती मोठी चमत्कारिक आहे. मंडईत वांगी घेताना आपण प्रत्येक वांगे उलटसुलट करून पाहतो. घर भाड्याने देताना करारनाम्याचे कलम न् कलम वकिलाकडून वाचून घेतो. परंतु मोबाइलच्या पडद्यावर ‘मान्य आहे’ हा चौकोन दिसला की बोट आपोआप त्यावर पडते! आमचेही पडते, हे कबूल केलेले बरे.

तेव्हा थोडे व्यवहाराचे बोलू. अशा कामासाठी बँकेत वेगळे खाते ठेवावे आणि त्यात पैसा साठू देऊ नये. ईमेलचा पत्ताही वेगळा असावा; जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि कंपनीचे नाव जोडून पत्ता देता येतो, म्हणजे नको ती पत्रे कोणाच्या दारातून आली याचा थोडाफार माग लागतो. आधार द्यावेच लागले तर शेवटचे चारच अंक दाखविणारी झाकलेली प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते, ती द्यावी. झेरॉक्सवर ‘केवळ अमुक कारणासाठी’ असे तारखेसह आडवे लिहावे. रद्द केलेल्या धनादेशावर सही करण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून आपला अहवाल विनामूल्य मिळतो. आपल्या पॅनवर परक्याने कर्ज उचलले असेल तर ते त्यात दिसते. आणि ‘तुमच्या खात्यात रक्कम येईल, आपले कमिशन ठेवून उरलेली पुढे पाठवा’ असे कोणी सांगितले तर तेथून तत्काळ निघावे. ती रक्कम बहुधा दुसऱ्या कोणाची लुबाडलेली असते आणि गोठते ते तुमचे खाते. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर त्याच तासाला कळवावे. लाजेखातर दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचे पैसे सहसा परत येत नाहीत.

परंतु सारा भार नागरिकाच्या शहाणपणावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा व्हावयास २०२३ साल उजाडले, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. कायद्यात चांगले पुष्कळ आहे. कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती संमती ग्राह्य धरावी असे तो म्हणतो. आरोग्यसल्ला देणाऱ्या अॅपला फोनमधील संपर्कांची गरज नाही, असे उदाहरणच त्यात दिले आहे. वस्तूंच्या लिंका वाटणाऱ्या बाईंना ते तंतोतंत लागू पडते. माहिती कशासाठी घेतली याची सूचना मराठीतून मागण्याची सोयही त्यात आहे. पण आज मराठीतून ती देणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील, असा आमचा अनुभव आहे.

आमचा मुख्य आक्षेप पुढेच आहे. माहिती सांभाळण्यात कुचराई करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऐकावयास हे भारदस्त वाटते. पण तो दंड जातो कोठे? भारताच्या संचित निधीत! जिची माहिती फुटली त्या बाईंना त्यातला एक रुपयाही मिळत नाही. उलट, माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील ज्या ४३-अ कलमाखाली पीडिताला भरपाई मागता येत असे, तेच कलम वगळण्याची तरतूद या नव्या कायद्याने केली आहे. चोर पकडला तर दंड सरकारचा आणि चोरीला गेलेला ऐवज मात्र ज्याचा त्याने विसरावा, हा कोणता न्याय? महाराष्ट्रातून संसदेत गेलेल्या सर्वपक्षीय खासदारांना आमचे सांगणे आहे की, नुकसान सोसणाऱ्याला भरपाई मिळण्याची दुरुस्ती त्यांनी पुढील अधिवेशनात मांडावी, आणि ती मांडणार की नाही हे आपापल्या मतदारांना आजच सांगावे.