खंदकांतील पोलाद आणि भंडाऱ्याचा दगड

पहिल्या महायुद्धाविषयी मराठीत जे काही लिहिले जाते त्याच्या दोन तऱ्हा आता ठरून गेल्या आहेत. एक तऱ्हा सारायेव्होच्या खुनापासून व्हर्सायच्या तहापर्यंत युरोपातील राजे, मुत्सद्दी आणि सेनापती यांची चरित्रे गुंफीत जाणारी. दुसरी, मराठा पलटणींच्या पराक्रमाचे गुणगान करून तेथेच थांबणारी. दोन्ही तऱ्हांच्या लेखकांस भंडारा जिल्ह्याचे नाव घेण्याचे कारण पडत नाही. कोणी ते सुचविलेच तर उत्तर तयार असते : ‘भंडाऱ्याच्या नावाची पलटण कोठे होती? पितळेची भांडी, तांदूळ आणि तळी यांकरिता प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्याचा फ्रान्समधील खंदकांशी संबंध तो काय?’ हा प्रश्न दिसावयास साळसूद आहे. परंतु त्याच्या पोटात लष्करी इतिहासाविषयीची जी समजूत दडली आहे तीच मुळात खोटी आहे असे आमचे म्हणणे आहे.

मराठा शिपायांच्या कीर्तीस उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून जो वेढा पडला त्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्यास शरण जावे लागले, आणि पुढे तुर्कांच्या कैदेत कित्येकांचे प्राण गेले. हे सर्व लिहिले गेलेच पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो केवळ हजेरीपटावर इतिहास उभारण्यास. तो पट कोणी तयार केला होता? ‘लढवय्या जाती’ आणि ‘बिगरलढवय्या जाती’ अशी वाटणी करणाऱ्या सरकारने! ज्या महार समाजाने कंपनीच्या काळापासून शिपाईगिरी केली त्याची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद झाली. माणसे कमी पडू लागताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली, आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. ज्या पटावर नाव चढविणे आणि पुसणे सरकारच्या सोयीवर अवलंबून होते, त्या पटास देशाच्या भागीदारीचे माप कसे मानावे?

आता हे युद्ध होते कसले ते पाहा. १९१४ च्या अखेरीस उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत खंदकांची सलग रांग उभी राहिली. समोर काटेरी तारा आणि त्यांमागे मशीनगन. अशा स्थितीत शौर्याची किंमत कमी झाली आणि धातूची वाढली. मार्च १९१५ मध्ये नव्ह-शापेलच्या लढाईत हिंदी सैन्यही लढले. त्या लढाईनंतर ब्रिटिश तोफांस गोळे पुरत नाहीत ही ओरड इतकी वाढली की त्याच वर्षी लॉइड जॉर्ज यांच्या हाती दारूगोळ्याचे स्वतंत्र खाते द्यावे लागले. पुढल्या वर्षी सोमच्या लढाईपूर्वी एका आठवड्यात सुमारे पंधरा लाख गोळे डागले गेले. तरीही तारा पुष्कळ ठिकाणी तुटल्या नाहीत, आणि १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची सत्तावन्न हजारांहून अधिक माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. सेनापतींनी यातून एकच धडा घेतला : आणखी तोफा, आणखी गोळे. म्हणजेच आणखी पोलाद.

आणि पोलाद हे केवळ लोखंड आणि कोळसा यांनी होत नाही. वितळलेल्या रसातील प्राणवायू आणि गंधक यांचा दोष काढला नाही तर तापलेले पोलाद घणाखाली वा लाटताना तडकते. हा दोष मँगनीज घालून काढतात. एका टन पोलादास ते अवघे सहासात किलो लागते. पण ते सहासात किलो नसतील तर टनभर माल कुचकामी ठरतो. भाजीत मीठ किती? पण मीठ नसेल तर भाजी कोण खाईल?

हे मँगनीज भंडारा जिल्ह्यात आहे. तुमसरच्या उत्तरेस चिखला, डोंगरी बुजुर्ग या गावांभोवती, पुढे बालाघाटकडे आणि पश्चिमेस नागपूर जिल्ह्यात त्याचा एक पट्टाच पसरला आहे. फर्मोर या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ साली हिंदुस्थानातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या पट्ट्यात मँगनीजसोबत आढळणाऱ्या एका खडकास त्याने ‘गोंडाइट’ हे नाव दिले. गोंडांचे नाव अशा रीतीने खडकास मिळाले. तो खडक फोडणाऱ्या माणसांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथात नाहीत. उघड्या खाणीत पुरुषांनी घणाने दगड फोडावा, स्त्रियांनी तो निवडून डोक्यावरच्या टोपलीतून वर आणावा, आणि तेथून तो रेल्वेने बंदराकडे जावा, असा हा व्यवहार होता.

युद्धापूर्वी जगास मँगनीज पुरविणारे मोठे देश दोन : रशिया आणि हिंदुस्थान. रशियाचा माल कॉकेशसमधील चिआतुराच्या खाणींतून काळ्या समुद्रावाटे बाहेर पडे. १९१४ च्या शरद ऋतूत तुर्कस्तानने दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली, आणि रशियाचा हा साठा दोस्तांस अंतरला. ती वाट उघडण्याकरिता १९१५ साली गॅलिपोलीची स्वारी झाली ती फसली. तेव्हा ब्रिटनच्या भट्ट्यांस मुख्य आधार उरला तो हिंदुस्थानच्या दगडाचा; आणि हिंदुस्थानच्या दगडात मध्यप्रांताचा वाटा सर्वांत मोठा. जर्मनीस या वस्तूची किंमत पुरेपूर ठाऊक होती. नाकेबंदीमुळे तिला घरच्या हिणकस खनिजावर भागवावे लागले, आणि १९१८ साली तिने जॉर्जियात सैन्य उतरविले तेव्हा चिआतुराच्या खाणीही तिच्या डोळ्यांपुढे होत्या. ज्या वस्तूकरिता जर्मनीने कॉकेशसकडे दृष्टी लावली ती वस्तू आपल्या तुमसरजवळ डोंगरात होती, हे आमच्या शाळेतील मुलास कोणी सांगितले आहे काय?

याहून जवळचे उदाहरण ब्रिटिश शिपायाच्या शिरस्त्राणाचे. खंदकात उभ्या असलेल्या माणसास डोक्यावर फुटणाऱ्या गोळ्याच्या तुकड्यांचे भय अधिक. म्हणून १९१५ साली ब्रॉडीने उथळ परातीसारखे शिरस्त्राण काढले, आणि लवकरच ते हॅडफिल्डच्या पोलादाचे होऊ लागले. त्या पोलादात मँगनीजचे प्रमाण शेकडा बाराच्या आसपास असे. अमुक शिरस्त्राणात चिखल्याचा दगड होता असे दाखवून द्या, असे कोणी म्हणेल तर ती हुज्जत होय. भट्टीत गेलेला दगड आपले गाव सांगत नाही. परंतु ज्या भट्ट्या या मुलखाच्या दगडावर चालत होत्या त्यांच्या मालात या मुलखाचा अंश होता, हे नाकारावयाचे तर गणितच नाकारावे लागेल.

आक्षेपक म्हणतील, ‘खाणीतील मजूर युद्धाकरिता राबला नाही, मजुरीकरिता राबला.’ ठीक. पण शिपाई तरी महिना अकरा रुपयांकरिताच नाव नोंदवीत होता ना? गरजेने बंदूक धरणारा वीर आणि गरजेने घण धरणारा केवळ मजूर, हा न्याय कोणता? दुसरे म्हणतील, ‘मग बंगालच्या तागाची वाळूची पोती आणि पंजाबचा गहू यांचाही हिशेब करा.’ अवश्य करा! प्रत्येक प्रांताने आपापला करावा. दुसऱ्याचा राहिला म्हणून आपला न करण्यास ती सबब होत नाही.

तिसरा आक्षेप मात्र विचारार्ह आहे. ‘साम्राज्याच्या युद्धास आमचा दगड कामी आला यात भूषण कसले?’ भूषण मुळीच नाही, आणि आम्ही भूषणाकरिता हे लिहीतही नाही. इतिहास हा हारतुऱ्यांचा समारंभ नसून जमाखर्चाची वही आहे. भंडाऱ्याच्या जमेस काय पडले? बहुतेक दगड कच्चाच परदेशी गेला. त्याचे पोलाद करण्याची कला आणि त्यातील नफा परक्यांकडे राहिला. खर्चाच्या बाजूस महागाई आली. आणि युद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ साली, पाऊस बुडाला व इन्फ्लुएंझाची साथ आली. सैनिकांच्या जहाजांबरोबर मुंबईत उतरलेल्या त्या साथीने ज्या प्रांतांत सर्वाधिक बळी घेतले त्यांत मध्यप्रांत होता. गोळ्याने मेलेल्या शिपायाचे नाव दगडावर कोरले जाते. साथीने मेलेल्या खाणमजुराचे नाव पाण्यावर लिहिले जाते. ज्यास भूषण नको त्याने निदान ही तक्रार तरी नोंदवावी. मौन धरल्याने साम्राज्याचा निषेध होत नाही. उलट त्याचा हिशेब चुकता झाल्यासारखा दिसतो.

आज त्या युद्धास शंभराहून अधिक वर्षे लोटली. युद्ध पाहिलेली पिढी गेली. परंतु चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे अजून मँगनीज निघते, आणि खाणीभोवतीच्या गावांत आजोबा-पणजोबांच्या गोष्टी अजून निघत असतील. भंडारा-तुमसरच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या अध्यापकांनी सोम आणि व्हर्दूनची टिपणे देऊन झाल्यावर विद्यार्थ्यांस एकदा या गावांत न्यावे. जुने हजेरीपट, रेल्वेच्या मालाच्या नोंदी, जन्ममृत्यूची पुस्तके यांवरची धूळ झाडावी. हे काम लंडनचा इतिहासकार करणार नाही, आणि पुण्यामुंबईच्या इतिहासकाराने ते आजवर केलेले नाही. ज्यांच्या अंगणातून तो दगड गेला त्यांनीच तो मोजला पाहिजे.