घरात पाळलेली वाघीण

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. माझ्या टेबलावरचे पुठ्ठ्याचे तुकडे हा केर समजायचा की ऐवज? यंदा सौभाग्यवती केरसुणी घेऊन आल्या, तेव्हा मी गंभीरपणे बजावले, "जपून! तिथे वाघीण आहे."

वाघीण अर्थात मालगाडीची. इंग्रजी वॅगनचे बारसे करताना मराठीने मोठी गंमत केली आहे! परदेशात छोट्या रेल्वेच्या शौकिनांना तऱ्हेतऱ्हेचे डबे दुकानात तयार मिळतात. आपल्याकडची वाघीण हवी असेल, तर ती बहुधा घरीच मुळापासून घडवावी लागते.

मी निवडली 'बॉक्सएन', म्हणजे कोळसा वाहणारी उघडी, उंच भिंतींची वाघीण. खरी वाघीण कपलरसकट १०,७१३ मिलिमीटर लांब असते. आमचे प्रमाण एकास सत्त्याऐंशी; म्हणून माझी भरली १२३ मिलिमीटर. खरे चाक एक मीटर व्यासाचे, माझे साडेअकरा मिलिमीटरचे हवे. बाजारात अकराचे मिळाले; अर्ध्या मिलिमीटरवर पाणी सोडले.

भिंतींना जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा उत्तम. कापताना पट्टी लोखंडी घ्यावी, पाते नवे असावे आणि एका दमात न कापता तीन-चार हलके हात फिरवावेत. कडांना पातळ, झटपट चिकटणारा गोंद पाजला की पुठ्ठा कडक होतो. उभ्या पट्ट्या किती आणि दारे कुठे, हे मोजायला मी रेल्वे फाटकावर जाऊन उभा राही. फाटक बंद झाल्यावर आनंदणारा गावात मी एकटाच असेन!

वाघीण फार हलकी झाली तर वळणावर रुळावरून उतरते. अमेरिकेतल्या छंदिष्टांच्या संघटनेने वजनाचा हिशेब घालून दिला आहे : मूळ एक औंस, आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. त्याप्रमाणे माझ्या वाघिणीला सुमारे ९७ ग्रॅम हवे होते. उघड्या वाघिणीत वजन लपवायचे कुठे? तळाशी लोखंडी नट चिकटवले आणि वर खऱ्या कोळशाचा चुरा पसरला.

एका ठिकाणी मात्र लबाडी करावी लागली. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १,६७६ मिलिमीटर. माझ्या प्रमाणात ते सव्वाएकोणीसच्या आसपास येते. पण बाजारात मिळतो तो रूळ साडेसोळाचा, कारण तो परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजवरून बेतलेला. तेव्हा चाके आत घेतली आणि गप्प बसलो.

शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले ट्रेन एक्झामिनर. मोठ्या हौसेने त्यांना वाघीण दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, ती उलटी केली आणि म्हणाले, "चाके आत गेलीत."

मी रुळाची कहाणी सांगितली. त्यांनी मान डोलावली. मग वाघिणीचे टोक डोळ्यांजवळ नेऊन विचारले, "हिचे नाव काय म्हणालात?"

"बॉक्सएन."

"मग एन कुठे आहे?"

मी बुचकळ्यात पडलो. काकांनी समजावले. नावातला शेवटचा एन म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक. त्याची नळी वाघिणीच्या दोन्ही टोकांना लोंबते आणि पुढच्या-मागच्या वाघिणीला जोडली जाते. माझ्या वाघिणीला ती नव्हतीच!

"काका, एवढीशी नळी कोणाला दिसणार?"

"अहो, नळी सुटली तर एक वेळ बरे, हवा जाते आणि गाडी आपोआप थांबते. पण नळीजवळचा कॉक मध्येच कुठे बंद राहिला, तर मागच्या वाघिणींना ड्रायव्हरचा ब्रेक पोचतच नाही. रात्री दोन वाजता, भर पावसात, बॅटरी घेऊन आम्ही तेच बघत फिरायचो. तेव्हा तरी आम्हांला कोण बघत होते?"

मी ओशाळलो. काकांनी वाघीण जपून खाली ठेवली. "चाके आत गेली ती रुळामुळे," ते म्हणाले, "नळी राहिली ती तुमच्यामुळे."

त्या संध्याकाळी विजेच्या बारीक तारेचे दोन काळे तुकडे वाकवून मी दोन्ही टोकांना चिकटवले. कामाला एक तासही लागला नाही. हातभर अंतरावरून ते दिसतही नाहीत. पण मला आता वाघिणीकडे बघताना आधी तेच दिसतात. गेजची लबाडी मी पाहुण्यांना मोकळेपणाने सांगतो. नळ्यांविषयी मात्र काही सांगावे लागत नाही, याचे समाधान मोठे आहे.

अशा वाघिणींची पूर्ण मालगाडी ५८ वाघिणींची असते. म्हणजे अजून ५७ करायच्या, आणि नळ्या ११४! सगळ्या जोडल्यावर सात मीटरांहून लांब गाडी होईल. ती कुठे ठेवायची, हे मी सौभाग्यवतींना अजून विचारलेले नाही. दिवाळीचा फराळ गोडीगुलाबीने होऊन जाऊ द्या, मग बघू.