दोनशे आठ ओळींची पट्टी

झटपट होणाऱ्या कामाची ओढ कोणाला नसते? थंडीत कपाळ आणि कान झाकणारी विणलेली पट्टी, जिला आता सर्वजण हेडबँड म्हणतात, विणकामाच्या मशीनवर एका संध्याकाळी तयार होते, असे सांगितले जाते. हे सांगणे खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या संध्याकाळच्या आधी मापासाठी एक रात्र द्यावी लागते. आणि पट्टी विकायची असेल, तर नंतर सचोटीची एक परीक्षाही द्यावी लागते. कापडाच्या व्यापारात तीन पिढ्या स्थिरावलेल्या एका घरातील सूनबाईंना या दोन्ही गोष्टींचा अनुभव एकाच हिवाळ्यात आला.

दिवाळीची आवराआवर चालू असताना माळ्यावरून सासूबाईंचे जुने मशीन खाली आले. ठेवताना सुयांना तेलाचा हात दिलेला असल्यामुळे त्या गंजल्या नव्हत्या. सुया जागेवर दाबून धरणारी स्पंजची पट्टी मात्र वर्षानुवर्षांत दबून निकामी झाली होती. ती नवी बसवताच मशीन पूर्ववत चालू लागले. जुने मशीन बाहेर काढणाऱ्या प्रत्येकाने आधी ही पट्टी पाहावी. ती दबलेली असली की टाके निसटतात आणि दोष उगाच धाग्याला दिला जातो.

अशा मशीनच्या सपाट पाटावर २०० सुया एका रांगेत असतात आणि दोन सुयांमधील अंतर ४.५ मिलिमीटर असते. प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि त्यामागे उघडझाप करणारी इवलीशी जीभ असते. कॅरेज, म्हणजे वरचा सरकता भाग, पाटावरून गेला की सुई पुढे येते, जुना टाका जिभेच्या मागे सरकतो आणि आकड्यात नवा धागा पडतो. सुई मागे जाताना जुना टाका जिभेला मिटवतो, तिच्यावरून निसटतो आणि आकड्यात नवा टाका उरतो. इंग्लंडमधील कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र केले. मिटणाऱ्या जिभेची सुई एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंड यांनी आणली. लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांतील मोठी मशीनेही याच सुईच्या तत्त्वावर विणतात.

सूनबाईंनी एका मैत्रिणीकडून आकडे मिळवले : ५८ टाके, २०८ ओळी. त्याच संध्याकाळी पट्टी विणून, शिवून तयार झाली. मैत्रिणीची पट्टी ५२ सेंटिमीटरची होती. सूनबाईंची जवळजवळ ५८ सेंटिमीटर भरली आणि डोक्यावर घालताच भुवयांवर घसरली.

“अहो आई, आकडे तर तेच होते,” सूनबाई म्हणाल्या.

“आकडे तिचे होते, धागा तुझा होता,” सासूबाई म्हणाल्या. “मीटर न लावता कापड फाडलेले आपल्या दुकानात कधी पाहिलेस का?”

मग सासूबाईंनी जे करावयास लावले, ते या विद्येतील मुख्य पाठ होय. ताणाची चकती थोडी आवळून ४० टाक्यांचा आणि ६० ओळींचा नमुन्याचा एक तुकडा विणला. तो धुतला, सावलीत सपाट वाळवला आणि रात्रभर तसाच राहू दिला. मशीनवरून नुकतेच उतरलेले विणकाम ताणलेले असते. त्याचे खरे माप धुऊन, विसावल्यावरच कळते. सकाळी पट्टीने मोजले, तेव्हा तुकड्याची रुंदी १४.३ सेंटिमीटर आणि उंची १५ सेंटिमीटर भरली. म्हणजे एका सेंटिमीटरला २.८ टाके आणि ४ ओळी.

पुढचे सारे त्रैराशिक आहे, आणि ते व्यापारी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. डोक्याचा घेर ५५ सेंटिमीटर होता. पट्टी नीट धरून राहावी म्हणून त्यातून ३ वजा केले. साध्या विणीचे कापड आडवे जितके ताणते तितके उभे ताणत नाही, म्हणून यापेक्षा फार कमी करू नये. उरलेल्या ५२ ला ४ ने गुणले की २०८ ओळी. दुहेरी पट्टी १० सेंटिमीटर रुंद हवी, म्हणून सपाट तुकडा २० सेंटिमीटरचा. २० गुणिले २.८ म्हणजे ५६ टाके, आणि शिवणीत जाणारा प्रत्येक कडेचा एकेक टाका धरून ५८. आकडे पुन्हा मैत्रिणीचेच आले, पण आता ते या धाग्याने आणि या मशीनने मान्य केलेले होते.

तोच तुकडा वजनकाट्यावर ठेवला, तर ६ ग्रॅम भरला. त्यात २,४०० टाके होते. पट्टीत १२,०६४, म्हणजे सुमारे पाचपट. तेव्हा एका पट्टीस ३० ग्रॅम धागा. १०० ग्रॅमच्या गुंड्यात तीन पट्ट्या निघतात आणि शिवणीपुरता धागा शिल्लक राहतो. खरेदी किती करावी आणि किंमत कुठून मोजावी, हे दोन्ही त्या लहानशा तुकड्याने सांगितले.

विणण्याची रीत अशी. मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंस २९ याप्रमाणे ५८ सुया पुढे घ्याव्यात. दुसऱ्या रंगाच्या उरल्यासुरल्या धाग्याने पहिली ओळ एकाआड एक सुयांवर घालून तीवर दात्यांची पट्टी आणि वजने अडकवावीत, मग सर्व सुयांवर आठ-दहा ओळी विणाव्यात. आता मूळ धागा लावून ओळींचा मोजणी-काटा शून्यावर आणावा आणि २०८ ओळी विणाव्यात. शेवटी पुन्हा उरलेल्या धाग्याच्या आठ-दहा ओळी विणून काम मशीनवरून उतरवावे. दोन्ही टोकांचे टाके त्या परक्या रंगात सुरक्षित राहतात. लांब कडा एकमेकींना जोडून नळी करावी, शिवण आतल्या बाजूस मध्यावर घ्यावी, आणि दोन्ही टोकांचे टाके सुईने एकमेकांत ओवून परका धागा उसवून टाकावा. समोर गाठीसारखा पीळ हवा असेल, तर टोके अर्धी दुमडून एकमेकांत अडकवून शिवावीत. घाई न करता कॅरेज फिरवले, तरी २०८ ओळींस दहा मिनिटांच्या आसपासच वेळ लागतो; शिवणीस अर्धा तास. झटपट म्हणतात ते एवढेच, आणि तेही आदल्या रात्रीच्या आधारावर.

धागा कोणता घ्यावा, हा प्रश्न श्रावकाच्या घरात केवळ उबेचा राहत नाही. रेशमासाठी कोशातील जीव मारला जातो, म्हणून अनेक घरे ते वर्ज्य मानतात. लोकर आपल्या परंपरेला परकी नाही : श्वेतांबर मूर्तिपूजक साधू-साध्वींचे रजोहरण लोकरीचे असते आणि ठरावीक काळी बाहेर पडताना ते कामळी पांघरतात. मात्र ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीजवळची कातडी कापण्याची प्रथा आहे, हे ध्यानात घेऊन लोकर कोठली, याची चौकशी करावी. सुती धागा निर्दोष वाटतो, पण त्यात लवचीकपणा कमी असतो. पट्टी वापराने सैल पडते, म्हणून घेरातून थोडे अधिक वजा करावे. ॲक्रिलिक स्वस्त, हलके आणि धुण्यास सोपे असते. तापलेली इस्त्री लागली की मात्र ते कायमचे चपटे होते. लोकरीचे कपडे मळके ठेवले की त्यांना कसर लागते. धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवणे ही काटकसर तर आहेच. शिवाय जीवोत्पत्तीच होऊ न देण्याची ती यतनाही आहे.

सूनबाईंनी ॲक्रिलिक निवडले. पट्ट्या नातलगांत आवडल्या आणि संक्रांतीपूर्वी एका दुकानदाराने ४० पट्ट्यांची मागणी नोंदवली. त्याप्रमाणे १,२०० ग्रॅम धागा आला, आणि महिनाभराच्या संध्याकाळी मशीनपाशी गेल्या. माल तयार झाला, तेव्हा त्याने लावण्यासाठी छापील चिठ्ठ्या पाठवल्या. त्यांवर ‘शुद्ध लोकर’ असे शब्द होते.

बाजारात ॲक्रिलिकच्या गुंड्यालाही आपण लोकरच म्हणतो, त्यामुळे प्रथम कोणाला काही खटकले नाही. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर मात्र ‘१०० टक्के ॲक्रिलिक’ असे स्पष्ट होते. सूनबाईंनी दुकानदारास फोन केला. सगळे असेच लिहितात, गिऱ्हाईक विचारत नाही, असे उत्तर आले.

त्या रात्री चिठ्ठ्यांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर पडून होता. सासरे दुकानातून आले, त्यांनी एक चिठ्ठी उचलून वाचली आणि गुंड्यावरचा कागद मागून घेतला. प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार दररोज उच्चारले जातात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही ते पाच सांगितले आहेत. त्यांत कमी-अधिक मापे वापरणे हा एक आहे, आणि त्याला लागूनच ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलच्या नावाखाली नक्कल देणे. मापाचा धडा सासूबाईंनी दिलाच होता. हा त्याच्याच पुढचा होता.

“बाबा, चाळीस पट्ट्या करून बसले आहे,” सूनबाई म्हणाल्या. “त्याने नाही घेतल्या तर?”

“तर नुकसान होईल,” सासरे म्हणाले. “ते वहीत लिहिता येते. हे कुठे लिहिणार?”

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या केल्या : ‘ॲक्रिलिक धागा. मशीनवर विणलेली, हाताने शिवलेली. घेर ५२ सेंटिमीटर. इस्त्री करू नये.’ दुकानदाराने ४० पैकी १५ पट्ट्या घेतल्या, त्याही भाव कमी करून. उरलेल्यांपैकी सोळा ओळखीपाळखीत गेल्या. नऊ अजून कपाटात आहेत. धाग्याचे पैसे निघाले; संध्याकाळचे श्रम पूर्ण निघाले नाहीत. पुढच्या हंगामासाठी त्यांनी खऱ्या लोकरीचा एक गुंडा आणून नमुन्याचा तुकडा विणून ठेवला आहे. भाव जास्त पडेल, म्हणून मागणी आल्यावरच पुढची खरेदी करायची, असे ठरले आहे.

ज्या भगिनींना या हिवाळ्यात मशीन काढावयाचे असेल, त्यांनी त्याच्याशेजारी एक वही ठेवावी. प्रत्येक धाग्याच्या नमुन्याचा तुकडा पानाला टाचावा आणि शेजारी धाग्याचा प्रकार, ताणाचा आकडा, सेंटिमीटरला टाके व ओळी, तुकड्याचे वजन आणि डोक्याचा घेर लिहावा. शेवटचा रकाना चिठ्ठीवरील मजकुराचा असावा, आणि तो पट्टी विणण्याआधीच भरावा. सूनबाईंच्या वहीत तो रकाना आता पहिला आहे.