पोपटीतला लावा आणि गळ्यातली माळ



पौष सरत आला की आमच्या बदलापूर-अंबरनाथच्या खेड्यापाड्यांत दोन गोष्टींची लगबग असते. एक, अखंड हरिनाम सप्ताह. दुसरी, पोपटी. घाटावरच्या वाचकांना पोपटी ठाऊक नसेल म्हणून सांगतो. भात कापून झाले की जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, मीठ-ओवा, वरून पुन्हा पाला. मडके शेतात उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. कोणी त्यात अंडी घालतो, कोणी कोंबडी घालतो, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पोपटीशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते अलीकडे त्या मडक्यात जे गुपचूप जाऊ लागले आहे त्याच्याशी. रानातले लावे आणि तितर.

हे याच दिवसांत का होते, तेही समजून घ्या. पावसाळ्यात पाखराला लपायला गवत असते. माघात गवत वाळते, डबकी आटतात. सांडलेले भात टिपायला आणि उरलेल्या पाण्याला पाखरे ठरावीक वाटेनेच येतात. त्या वाटेवर फासे लावले की काम झाले. आणि हाच काळ रानकोंबडी आणि चकोत्री अंड्यावर बसण्याचा. त्या वेळी मादी फाशात गेली की तिच्याबरोबर तिची अंडीही गेली.

आता जे पाहिले ते सांगतो. बारवी धरणाच्या बाजूच्या एका गावी सप्ताहाची सांगता होती. काल्याचे कीर्तन माझे होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या आणि देवाने सर्वांना सारखे वाटले, हे सांगताना मंडळींच्या डोळ्यांत पाणी आले, माझ्याही आले. यजमान माळकरी, वर्षानुवर्षे पंढरीची वारी करणारे. संध्याकाळी निघताना त्यांच्या शेतावर शहराकडचे पाहुणे पोपटीला जमलेले दिसले. बांधाला बांबूची करंडी होती, वर ओले फडके. फडके हलत होते म्हणून मी उचलून पाहिले. आत अकरा लावे, पाय बांधलेले, जिवंत. बाजूला बारा-तेरा वर्षांचा कातकऱ्याचा पोर पैशांची वाट पाहत उभा.

यजमान म्हणाले, "बुवा, आम्ही शिवतसुद्धा नाही हो. पाहुण्यांची हौस आहे. आणि यातले काही वाया जात नाही. हाडे कुत्र्याला, पिसे पोरे गळाला लावतात."

मी काय केले? नारळ आणि पाकीट पिशवीत घातले, रामकृष्ण हरी म्हटले आणि रिक्षात बसलो. आयुष्यभर व्यासपीठावरून जीवदयेचे निरूपण केले आणि जिथे चार शब्द बोलायचे तिथे तोंडात मूग धरले. ते चार शब्द आज तुमच्यासमोर बोलतो आहे. उशीर झाला, पण बोलतो.

पहिला पूर्वपक्ष: काही वाया जात नाही. माउली, काटकसर हा सद्गुण खरा. पण तो आपल्या मालकीच्या वस्तूबाबत. चोराने चोरलेल्या पैशांतला एकही रुपया उधळला नाही म्हणून चोरी पुण्य होते काय? एक लावा शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. पिसे काढली की ओंजळीत मावेल एवढा. त्याने कुणाचे पोट भरत नाही. तिथे खाल्ली जाते ती हौस.

परदेशात शिकारीचे हंगाम असतात. परवाना असतो, किती पाखरे मारायची याची मर्यादा असते, आणि वीण सुरू होण्याआधी हंगाम बंद होतो. हंगामाच्या अखेरीस मिळालेल्या पाखराचे सगळे अंग उपयोगात आणावे, अशी शिकवण तिथले जाणते शिकारी देतात. त्यांच्या जागी ती बरी असेल. आपल्याकडेही इंग्रज अमदानीत १९१२ च्या कायद्याने विणीच्या दिवसांत बंदी घालण्याची सोय केली होती. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवानेच संपले. म्हणजे आपल्या देशात लाव्या-तितराच्या शिकारीला हंगामच उरलेला नाही, मग हंगामाची अखेर कुठली? या कायद्यात शिकार म्हणजे केवळ बंदूक नव्हे. फासा लावणे, पाखरू धरणे, अंडी किंवा घरटे मोडणे, हे सगळे शिकारच आहे.

दुसरा पूर्वपक्ष: आम्ही खात नाही, फक्त जागा देतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्माचार्य धर्मराजाला सांगतात की मारणारे तीन प्रकारचे असतात. एक पैसा देऊन मारतो, एक खाऊन मारतो, एक बांधून आणि कापून मारतो. विकत घेणारा तिथे मारेकऱ्यांच्या रांगेतच बसला आहे. मग त्या व्यवहाराला आपला बांध देणारा, विस्तव देणारा, मडके देणारा कुठे बसेल? माळ आपल्या गळ्यात आहे तशी ती आपल्या दारात आणि शेतातही असली पाहिजे. ज्ञानेश्वर माउलींनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे केवढे विस्ताराने निरूपण केले आहे! पाऊल टाकतानाही जीव दुखावू नये, इथवर ते जातात. आपण पाऊल जपून टाकतो आणि शेत भाड्याने देतो.

तिसरा पूर्वपक्ष मला सर्वांत जास्त टोचतो: कातकरी पकडतात, त्यांना जाऊन सांगा. सप्ताहाच्या मंडपात हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. आधी कातकरी कोण ते पाहा. खैराचा कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगल सरकारजमा झाले, कात गेला. आज त्यांतली कितीतरी घरे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातला मध, कंद, पाने गोळा करण्याचा हक्क मान्य केला, पण शिकारीचा दिला नाही. त्यामुळे करंडीसह सापडला तर तो पोर सापडणार. कायद्याने विकत घेणाराही गुन्हेगार आहे, पण तो तोवर हात पुसून गाडीत बसलेला असतो. पूर्वी भुकेपोटी एखादा लावा धरणाऱ्याला अकरा लावे धरायला लावले ते गिऱ्हाइकाने. ते गिऱ्हाईक आपल्या बांधावर आपण बसवले.

वनपर्वातला कौशिक ब्राह्मण आठवा. झाडाखाली वेदपठण करताना बगळीने अंगावर घाण केली म्हणून त्याने रागाने वर पाहिले आणि ती मरून पडली. तपाच्या बळावर पाखरू मारले! त्याला धर्म शिकायला कुठे पाठवले? मिथिलेच्या धर्मव्याधाकडे, मांसाच्या दुकानात. तो व्याध स्वतः मारत नव्हता, खातही नव्हता; कुळाकडून आलेला धंदा करीत आई-बापांची सेवा करीत होता. पाखरू मारणाऱ्या तपस्व्याला मांस विकणाऱ्यापुढे हात जोडून बसावे लागले. तेव्हा कातकऱ्याच्या पोराकडे नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणखी एक कबुली आपण सर्वांनी द्यायची आहे. मी या भागात फिरायला लागलो तेव्हा अंबरनाथच्या शिवमंदिरापासून बदलापूरकडे जाताना दोन्ही अंगांना भातखाचरे होती. आज इमारती आहेत. वालधुनी उल्हासनगरातून वाहताना तिच्या काठी नाकाला रुमाल लावावा लागतो. शेते आपणच विकली. त्यामुळे उरलीसुरली पाखरे उरल्यासुरल्या खाचरांत दाटीने येतात आणि म्हणूनच सोपी सापडतात. त्यांची जागा आपण घेतली, आता निदान जीव तरी घेऊ नये.

तुकोबारायांची कथा महिपतीबुवांनी वर्णिली आहे. राखणीला बसवलेल्या तुकोबांनी पाखरांना हाकलले नाही, मनसोक्त खाऊ दिले. शेतकरी रागावला, पंच बसले, आणि शेतात पाहतात तो धान्य नेहमीपेक्षा किती तरी जास्त. चमत्कार मानायचा की नाही, ते तुमच्या श्रद्धेवर सोडतो. पण राखणदार कोणाच्या बाजूने उभा होता, हे कथेत स्पष्ट आहे. आपण त्याच तुकोबांची पालखी खांद्यावर घेतो आणि राखणीच्या शेतात फासे लावू देतो.

आता करायचे काय? ज्याची शेती आहे त्याने पोपटीला जागा देतानाच सांगावे: रानातले पाखरू इथे शिजणार नाही. पाहुणा रुसला तर रुसू द्या, तो पाहुणा आहे, पांडुरंग नव्हे. सप्ताह कमिटीने हाच नियम गावात बोलून ठेवावा. दुसरे, त्या पोराचा पैसा बुडवून नुसता उपदेश करू नका. आपल्या पंगतींना प्लास्टिकच्या ताटल्या लागतात, त्या बंद करा आणि पळसाच्या पत्रावळी कातकरी-ठाकरांच्या वाडीवरून आगाऊ पैसे देऊन घ्या. पंगत उठली तर एका घराला तेवढाच हातभार लागेल. पावसाळ्यात त्या बाया शेवळी, करटोली घेऊन बाजारात बसतात, तेव्हा दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. विठ्ठलाच्या दक्षिणापेटीत टाकता त्यातले थोडे तिथे टाका. फासा लावण्यापेक्षा पत्रावळ लावणे परवडते, हे त्यांना दिसले पाहिजे. उपदेशाने नव्हे, हिशेबाने.

आणि माझ्यासारख्या बुवांना हात जोडून विनंती. ज्या घरच्या बांधावर अशी करंडी दिसेल त्या घरचा नारळ घेऊ नका. फडके उचला, पाखरे सोडा, पोराला त्याचे पैसे स्वतःच्या पाकिटातून द्या आणि मग रिक्षात बसा. मला त्या दिवशी एवढेच करायचे होते. पाकीट पिशवीतच होते.