मिशनऱ्याचे घर आणि मोडलेले घर

दिव्याहून ठाण्याला जाताना मध्ये मुंब्रा आणि कळवा ही दोनच स्थानके लागतात. या ठाण्यात १८१८ साली जॉन निकोल्स हा अमेरिकन मिशनरी पत्नीसह येऊन राहिला. आगगाडी यायला अजून पस्तीस वर्षे अवकाश होता. त्याने मराठी शिकून घेतली, शाळा चालवल्या, उपदेश केला आणि १८२४ च्या डिसेंबरात त्याचा मृत्यू झाला. मंडळी उभी करण्याच्या हिशेबाने पाहिले तर हाती काही लागले नाही. आमच्या वाङ्मयेतिहासात त्याला जागा नाही, आणि ती असावी असा आमचा आग्रहही नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. निकोल्स इथे एकटा आला नव्हता, घर घेऊन आला होता. मिशनऱ्यांविषयी बोलताना आपण नेमके हे घर विसरतो.

मराठीच्या वर्गात मिशनरी येतो तो दोन ठरीव रूपांत. पहिल्या रूपात तो कोश, व्याकरणे, छापखाने आणि शाळा देणारा उपकारकर्ता असतो. दुसऱ्या रूपात धर्मांतराचा डाव टाकणारा परकीय असतो. दोन्ही रूपांना पुरावे आहेत, म्हणून ती सहजासहजी सुटत नाहीत. परंतु दोन्हींत तो एकटा पुरुष आहे. त्याची बायको, त्याची मुले, आणि ज्यांना त्याने मंडळीत आणले त्यांच्या बायका-मुले या चित्रात कुठेच नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाने तरी ही उणीव खपवून घेऊ नये.

आधी परदेशातून आलेल्या घरांकडे पाहू. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले तेव्हा झाली. त्यांच्यामागून सॅम्युअल न्यूएल आला तो विधुर होऊन. त्याची पत्नी हॅरिएट १८१२ मध्ये मॉरिशसला वारली. वय एकोणीस, नुकतीच जन्मलेली मुलगी त्याआधीच समुद्रप्रवासात गेली होती. न्यूएल स्वतः १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेला. हॉलची पत्नी १८२५ मध्ये मुलांसह अमेरिकेला परतली आणि पुढच्याच वर्षी, मार्च १८२६ मध्ये, हॉल नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनेच वारला. त्या वर्षी मिशनने मराठी नवा करार छापून पुरा केला. या माणसांनी सोसले ते खोटे नव्हते, आणि त्याची टिंगल करणे हा करंटेपणा ठरेल.

पण हे सोसणे लिहिले गेले, छापले गेले आणि वाचले गेले, हेही ध्यानात घ्यावे लागते. हॅरिएटचे चरित्र अमेरिकेत घरोघर पोहोचले. मिशनऱ्यांची पत्रे 'मिशनरी हेरल्ड' मासिकातून वर्गणीदारांपुढे जात. त्या वाचनातून पैसा उभा राहत असे आणि नवी तरुण जोडपी जहाजावर चढत. म्हणजे मिशनरी कुटुंबाचा त्याग हा एक वाङ्मयप्रकारच होता; त्याला ठरलेला वाचक होता आणि ठरलेले कार्य होते. त्यात मराठी माणूस बहुधा उद्धाराची वाट पाहणारा एक समूह म्हणून येतो. त्याच्या घराचा उंबरठा त्या लेखनाने क्वचितच ओलांडला.

आता दुसरे घर. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई लहान मुलासह त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. मंडळीला एक कवी मिळाला आणि एका बाईचा संसार रस्त्यावर आला. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' ही हकिकत सांगतात, आणि सांगताना कोणालाच सोडत नाहीत. नवऱ्याला नाही, नातलगांना नाही, स्वतःला तर नाहीच. पतीकडे परतल्यावरही त्यांचे सोवळे आणि वेगळे पाणी चालूच होते. ते सुटले ते हळूहळू, स्वतःशी वाद घालत. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. हे मन बदलणे त्यांनी ज्या मिश्किलपणे लिहिले आहे, तसे कोणत्याही मिशन-अहवालात सापडणार नाही. अहवालाला निकाल हवा असतो. लक्ष्मीबाईंना मधले दिवस आठवतात.

ही दोन घरे शेजारी ठेवली की एक विषमता दिसते. मिशनरी परदेशी आला, पण घर सोबत घेऊन आला. ते मोडले तर मृत्यूने किंवा अंतराने मोडले, आणि मागे राहिलेल्यांसाठी मायदेशी शोक करणारा मोठा वाचकवर्ग होता. सवर्ण मराठी माणूस ख्रिस्ती झाला तो आपल्याच गावात, पण घर गमावून. त्याच्या बायकोच्या दुःखाला वर्गणीदार नव्हते. तिला ते स्वतः, मराठीत, चाळीस वर्षांनी लिहावे लागले.

विषमता दाखवली म्हणजे मिशनरी दोषी ठरला असे नव्हे. घर मोडण्यात जातीच्या बहिष्काराचा वाटा मिशनपेक्षा कमी नव्हता. शिवाय परदेश कोणाचा, हाही प्रश्न सरळ नाही. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईतला. १८५४ मध्ये वडील मायदेशीच्या वाटेवर समुद्रात वारले, मुले अमेरिकेत वाढली; आणि तरीही १८७४ मध्ये रॉबर्ट परत आले व अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) आयुष्यभर राबले. अशा माणसाला पाहुणा म्हणावे की घरचा?

तिसरे घर मात्र आमच्या चर्चेतून पार निसटते. अहमदनगर जिल्ह्यातल्या मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महार आणि मांग कुटुंबांनी. तिथे अनेकदा नवरा-बायको, मुले, भावकी एकत्र आली. घर मोडले नाही, जागच्या जागी राहून बदलले. खऱ्या अर्थाने चर्च रुजले ते या घरांत. त्यांची 'स्मृतिचित्रे' आपल्या अभ्यासक्रमात नाहीत. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मय म्हणून आपण जे शिकवतो, ते बहुतांशी ब्राह्मण घर मोडल्याचे वाङ्मय आहे. ते श्रेष्ठ आहे याविषयी शंका नाही. पण ते सगळ्या मंडळीचे वाङ्मय आहे, असे मानण्याची चूक आपण करत आलो आहोत.

टिळकांना स्वतःला हा घराचा प्रश्न उमगला होता, असे आम्हाला वाटते. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तिथे जागा होती. भजन-अभंगांची भाषा तर त्यांनी मंडळीत आधीच आणली होती. परक्याने बांधलेल्या घरात राहण्यापेक्षा आपल्या अंगणात बसावे, असा हा बेत होता. दोनच वर्षांत टिळक गेले आणि तो अपुरा राहिला.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती एवढीच: मिशनऱ्यांचे उपकार आणि मिशनऱ्यांचे डाव या दोन याद्या फळ्यावर लिहून तास संपवू नये. हॅरिएट न्यूएलची कथा आणि लक्ष्मीबाईंची कथा एकाच तासाला वाचावी, आणि नगरकडच्या एखाद्या खेड्यातल्या ज्या कुटुंबाची कथा कोणी लिहून ठेवली नाही, तिच्यासाठी त्याच तासात जागा मोकळी ठेवावी. वर्गात त्या भागातून आलेली मुले असतात. त्यांच्यापैकी एखाद्याने ती जागा घरच्या आठवणींनी भरली, तर वाङ्मयेतिहासाचे ते पान दुरुस्त होईल.