ताप उतरला, पण गोळ्या संपल्या का?

हुडहुडी भरते, ताप चढतो, घाम फुटतो. हिवतापाच्या गोळ्या सुरू केल्या की दोन दिवसांत अंग हलकं होतं. मग उरलेल्या गोळ्या डब्यात जातात, ‘पुढच्या तापाला कामी येतील’ म्हणून. भामरागडच्या पाड्यावर असो की मुंबईतल्या बांधकामावर, ही सवय सोडा, एवढंच सांगायचं आहे.

ताप उतरला म्हणजे हिवतापाचे सगळे जंतू मेले असं नाही. अर्धवट औषधात जे तग धरतात, ते चिवट असतात. डास चावला की तेच पुढच्या घरी पोहोचतात. क्लोरोक्विन एके काळी हिवतापावरचं हुकमी औषध होतं. १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात फॅल्सिपॅरम जातीचे जंतू त्याला दाद देईनासे झाल्याचं आढळलं. आज या घातक जातीवर आर्टेमिसिनिन गटाचं औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीनं देतात. ईशान्य भारतात या जोडीतलं दुसरं औषधही निष्प्रभ ठरू लागलं, म्हणून २०१३ मध्ये तिथली जोडी बदलावी लागली. कंबोडियाच्या पश्चिम भागात तर खुद्द आर्टेमिसिनिनलाच जंतू सोसू लागले.

हे कळतं कसं? रुग्णाच्या रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवतात. जेमतेम तीन तासांच्या कोवळ्या जंतूंवर सहा तास औषध ठेवतात, मग ते धुऊन टाकतात आणि तिसऱ्या दिवशी जिवंत किती उरले ते मोजतात. औषध न दिलेल्या जंतूंच्या तुलनेत शंभरात एकही वाचला तरी धोक्याची घंटा वाजते. शिवाय काही रुग्णांना २८ दिवस पुन्हा पुन्हा बोलावून रक्त तपासतात. पण आधीच गोळी पोटात गेली असेल, तर रक्तात औषधाचा अंश राहतो आणि परीक्षा फसते.

म्हणून ताप आला की आधी रक्त तपासा, मग गोळी घ्या. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. मनानं गोळी घेऊ नका, शेजाऱ्याची तर नाहीच. फॅल्सिपॅरम निघाला तर तीन दिवसांचा उपचार पुरा करा. व्हायव्हॅक्स ही हिवतापाची दुसरी जात निघाली तर तिचे जंतू यकृतात दडून बसतात, त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. चौथ्या दिवशी बरं वाटलं तरी ते सोडू नका. मात्र बाई गरोदर असेल, बाळ वर्षाच्या आतलं असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर ते आधीच सांगा. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका. उलटी झाली किंवा लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तीन दिवसांनीही ताप हटला नाही, तर पुन्हा रक्त द्या. पुन्हा तपासायला कोणी दारी आलं, तर त्यांना माघारी पाठवू नका.

नवं औषध शोधायला वर्षानुवर्षं लागतात. हातात आहे ते टिकवणं मात्र तुमच्या-आमच्या हाती आहे. आज घरातला डबा उघडून बघा. त्यात हिवतापाच्या उरलेल्या गोळ्या सापडल्या, तर त्या घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि उपचार अर्धवट राहिल्याचं न लाजता सांगा.